प्रवाळावरचे हट्टी डाग

दातांच्या डॉक्टरला दुसऱ्याच्या घरी काही चांगलं दिसलं की त्याच्या तोंडून लगेच दुरुस्ती निघायची. सोफा छान असला तर पाठ जरा सरळ हवी होती. कुणाची मुलगी गोड गायली तर वरचे दोन दात पुढे आहेत, तार लावून घ्या, सूर आणखी स्वच्छ लागेल. म्हणून साडूच्या घरी तो नव्या मत्स्यालयासमोर उभा राहिला तेव्हा सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो काहीच बोलला नाही. त्याच्या बायकोनं ओळखलं, प्रकरण गंभीर आहे.

साडू विमा कंपनीत अधिकारी होता. आवाज मऊ, हसणं त्याहून मऊ. तुमचा दावा मंजूर होणार नाही हे तो अशा काही प्रेमानं सांगायचा की समोरचा माणूस आभार मानून बाहेर पडायचा. त्याच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती आणि टाकीत मासे नव्हे, कोरल, म्हणजे प्रवाळ. जिवंत. हिरवट बोटं पाण्यात डुलत होती, जांभळ्या बशा खडकाला चिकटून बसल्या होत्या, खाली सावलीत तपकिरी छत्र्या पसरल्या होत्या. वरून निळसर, मवाळ उजेड.

"हे दगड आहेत की झाडं?" सासऱ्यांनी विचारलं.

"प्राणी आहेत, बाबा," साडू म्हणाला.

"कमाल आहे! धाकट्या जावयानं घरात समुद्र आणला की हो!"

थोरला जावई, म्हणजे डॉक्टर, शेजारीच उभा होता. सासरे राहायला त्याच्याकडे. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यानं करवलं, गुडघ्याचा पट्टा त्यानं आणला, आणि तोंडातली कवळी तर त्यानं स्वतःच्या हातानं बसवली होती. त्याच कवळीतून धाकट्याची स्तुती बाहेर पडत होती.

गाडीत बसल्यावर डॉक्टरचं तोंड उघडलं. "उजेड कमी आहे त्याच्याकडे. सगळं कसं मळकट दिसतं."

"मला छान वाटलं," बायको म्हणाली.

ती रेडिओवर बातम्या वाचायची. पूर असो, अंदाजपत्रक असो, कुणाचं निधन असो, आवाजाची पातळी एकच. नवऱ्याची मतंही ती इतकी वर्षं तशीच घेत आली होती: बातमी आली आहे, ती खरी की खोटी हे बघणं आपलं काम नाही.

"तो कोरल पाळतो," डॉक्टर म्हणाला. "मी दाखवतो कोरल कसे पाळतात ते."

मत्स्यालयाच्या सामानाचं दुकान एका इमारतीच्या तळघरात होतं. भिंतींना ओल, पंपांची सतत गुरगुर, आणि टाक्यांच्या मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. दुकानदारानं विचारलं, "कोणते कोरल ठेवणार?"

"सगळे."

"तसं चालत नाही हो. प्रत्येकाची उजेडाची भूक वेगळी. फांद्यावाल्या कठीण कोरलना भरपूर लागतो. मऊ असतात त्यांना मध्यम. हे चपटे, छत्रीसारखे, हे तर सावलीतच खूश. आणि कुठलेही असले तरी दिवा आधी मंद ठेवायचा आणि हळूहळू वाढवायचा. उजेड मोजायचं यंत्र असतं, तेही घ्या. डोळ्याला जे दिसतं त्यावर भरवसा ठेवू नका."

डॉक्टर हसला. "अहो, मी दिवसभर दिव्याखालीच काम करतो. उजेडाचं मला सांगता?"

दुकानदारानं त्याला चष्म्यावरून नीट न्याहाळलं. असली गिऱ्हाइकं त्याच्या ओळखीची होती. ज्याला समजावून सांगावं तो चिडून दुसऱ्या दुकानात जातो. ज्याला हवा तो दिवा द्यावा तो पुन्हा पुन्हा कोरल न्यायला येतो. एकदा सांगून झालं होतं, मन मोकळं झालं होतं. त्यानं शिडी लावली आणि सगळ्यात वरच्या फळीवरून सगळ्यात मोठं खोकं खाली काढलं.

"मग तुमच्यासाठी हाच. व्यावसायिक आहे."

'व्यावसायिक' म्हटल्यावर डॉक्टरनं पुढचं काही ऐकलं नाही.

टाकी आली, वाळू आली, खडक आले. खारं पाणी मुरू द्यावं लागतं, ते मुरेपर्यंत डॉक्टरनं कसाबसा धीर धरला. मग कोरल आले आणि दिवा टांगला गेला. दिव्याच्या कडेला एक गोल बटण होतं, ते फिरवलं की टक्के वाढत जायचे. डॉक्टरनं ते शंभरापर्यंत फिरवलं आणि त्याच्यापुढे जातं का तेही जोर लावून पाहिलं.

खोली उजळली. नुसती उजळली नाही, उघडी पडली. सोफ्यावरचा जुना चहाचा डाग, छताच्या कोपऱ्यातलं जाळं, पडद्याच्या शिवणीतून निघालेला दोरा, सासऱ्यांच्या हनुवटीवर दाढी करताना राहून गेलेले केस, सगळं एकदम समोर आलं. बायको कामावरून घरी आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"काय झालं?" डॉक्टरनं विचारलं.

"काही नाही. आता कुणीतरी भूल देईल असं वाटलं."

त्या दिव्यापुढे बाकीचे दिवे लावायची गरजच उरली नाही, आणि हळूहळू सवयही मोडली. सासऱ्यांनी ऑपरेशननंतर मिळालेला काळा गॉगल पुन्हा शोधून काढला. घरात बसून, गॉगल लावून ते पेपर वाचायचे. शेजारच्या बाईंनी त्यांना खिडकीतून पाहिलं आणि आजोबांची दृष्टी गेली का म्हणून हळहळत चौकशी करायला आल्या. जाताना त्यांचेही डोळे पाणावले होते, पण ते दुःखानं नव्हे.

पहिले काही दिवस कोरल मिटून बसले. बोटं आखडलेली, छत्र्या कडेनं मुरडलेल्या.

"बुजलेत," डॉक्टर म्हणाला. "नवा पेशंटसुद्धा पहिल्या दिवशी तोंड उघडत नाही."

मग त्यांचा रंग उतरायला लागला. हिरवा फिकट झाला, जांभळा राखाडी झाला, तपकिरी तर पार निघून गेला. एका सकाळी डॉक्टर टाकीपाशी गेला आणि तिथूनच ओरडला, "अगं, ये इकडे! डाग जातायत!"

दातांच्या डॉक्टरांकडे एक पट्टी असते. तिच्यावर चिनी मातीचे छोटे छोटे दात ओळीनं बसवलेले असतात, पिवळ्यापासून पांढऱ्यापर्यंत. पेशंटच्या दाताशेजारी धरून रंग जुळवायचा. डॉक्टरनं ती दवाखान्यातून घरी आणली आणि काचेला लावून एकेका कोरलचा रंग जुळवू लागला.

"हा बघ. पट्टीतल्या शेवटच्या दातापेक्षा पांढरा! असा रिझल्ट मला माणसातसुद्धा मिळालेला नाही."

"पण भाऊजींकडे ते रंगीत होते," बायको म्हणाली.

"भाऊजींच्या दातांचा रंग पाहिलायस?"

बायकोनं विषय सोडून दिला. ती बातमी तिनं पुष्कळदा ऐकली होती.

मग डॉक्टरनं जेवायला बोलावणं केलं. साडू आणि मेहुणी तर हवेतच. शिवाय दंतवैद्यांच्या संघटनेचे अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी. संघटनेचं सचिवपद रिकामं होणार होतं आणि डॉक्टरचा त्यावर डोळा होता. टाकीवर चादर टाकून ठेवली होती. सगळे बसल्यावर डॉक्टरनं ती ओढली.

अध्यक्षांनी डोळ्यांवर हात धरला, आणि बोटांच्या फटीतून पाहत म्हणाले, "वा! शुभ्र! अगदी हिमशिखरं!"

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "किती स्वच्छ ठेवलंय हो."

साडू टाकीजवळ गेला. वाकून त्यानं एकेक कोरल पाहिला. बराच वेळ पाहिला. मग दिव्याकडे मान वळवली.

"किती टक्क्यांवर असतो?"

"शंभर. अर्धवट काम मी करत नाही."

"दिवसभर?"

"उठल्यापासून झोपेपर्यंत."

साडू सरळ उभा राहिला. चेहऱ्यावर तेच मऊ हसू. "डॉक्टरसाहेब, मानलं तुम्हाला. इतका पांढरा रंग मला काही जमला नाही."

डॉक्टरचा चेहरा दिव्याच्या वरताण उजळला. त्या रात्रीचं जेवण त्यानं दोनदा वाढून घेतलं.

स्वयंपाकघरात मात्र मेहुणी ताटं पुसता पुसता पदरात तोंड लपवून हसत होती.

"काय गं?" बायकोनं विचारलं.

"ताई, ते मरतायत गं. आमचे म्हणत होते, आता जेमतेम धुगधुगी आहे."

"मग सांगितलं का नाही त्यांनी?"

मेहुणीनं खांदे उडवले. "ते तू त्यांनाच विचार."

पाहुणे गेल्यावर बायकोनं नवऱ्याला सांगितलं. आवाज नेहमीचाच. "धाकटी म्हणते, कोरल मरतायत."

"पोटात दुखतंय दोघांच्या," डॉक्टर म्हणाला आणि दात घासायला गेला. ते तो फार वेळ आणि फार नीट घासायचा.

एकच गोष्ट त्याला खटकत होती. टाकीच्या उजव्या कोपऱ्यात, सासऱ्यांच्या खुर्चीकडच्या बाजूला, खडकावर दोन चपटे कोरल होते. ते काही पांढरे होईनात. तपकिरीच्या तपकिरी. वर आणखी पसरत चालले होते, कडेला हिरवी झाकसुद्धा आली होती.

"हट्टी डाग आहेत," तो म्हणाला. "काही पेशंटचे असतात असे. दोनदा साफ करावे लागतात." आणि त्यानं बाही वर करून पाण्यात हात घातला, तो खडक कोपऱ्यातून उचलला आणि मधोमध, थेट दिव्याखाली ठेवला.

सासरे गॉगलमधून बघत होते. काहीतरी बोलणार होते, पण जावयाच्या घरात राहणाऱ्या माणसानं किती बोलायचं याचा त्यांचा हिशोब पक्का होता. ते पेपर उलगडून बसले.

संघटनेच्या मासिकाचा अंक निघाला. त्यात अध्यक्षांच्या आग्रहावरून डॉक्टरचा लेख होता, फोटोसकट: 'शुभ्रतेचा ध्यास: घरच्या मत्स्यालयातून एक धडा'. लेखात म्हटलं होतं की निसर्गातही मळ साचतो, आणि पुरेसा प्रखर प्रकाश आणि चिकाटी असेल तर तो काढता येतो. लेखक लवकरच यावर व्याख्यान देणार असल्याचंही खाली छापलं होतं.

अंक आला त्याच आठवड्यात दवाखान्यात एक प्राध्यापिका दाढेच्या उपचाराला आल्या. कॉलेजात शिकवतात एवढंच डॉक्टरला ठाऊक होतं. काय शिकवतात ते त्यानं विचारलं नव्हतं, कारण पेशंटला विचारण्यापेक्षा सांगण्यात त्याला जास्त रस असे. खुर्ची मागे कललेली, गालात कापसाचे बोळे, ओठाला थुंकी ओढणारी नळी, अर्धा जबडा बधिर. हक्काचा श्रोता. औषध दाढेत मुरेपर्यंत मोकळा वेळ होता. डॉक्टरनं हातमोजा काढला आणि फोनवरचा फोटो त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे माझे कोरल. घरी असतात. आधी असे नव्हते बरं का, सगळे डागाळलेले होते."

"आँ," प्राध्यापिका म्हणाल्या.

"आवडले ना? सगळ्यांनाच आवडतात. सगळी करामत उजेडाची. पूर्ण शंभर टक्के."

"आँ आँ!"

"हो ना! लोक घाबरतात, कमी ठेवतात. मी म्हटलं, घाबरायचं काय?"

प्राध्यापिकांनी हात वर केला. डॉक्टरनं तो प्रेमानं थोपटून खाली ठेवला. "दुखतंय? झालंच हं." आणि त्यानं पुढचा फोटो काढला, उजव्या कोपऱ्यातल्या त्या दोघांचा, मधोमध आणल्यानंतरचा. तेही आता पांढरे पडायला लागले होते. "हे सगळ्यात हट्टी. पण सोडलं नाही मी त्यांना."

"आँ!" प्राध्यापिकांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. डॉक्टरला समाधान वाटलं. इतकी उत्कट दाद त्याला व्यासपीठावरसुद्धा मिळाली नव्हती.

बोळे काढले. प्राध्यापिकांनी चूळ भरली, रुमालानं ओठ टिपले आणि बधिर जिभेनं म्हणाल्या, "उफाशी."

"काय?"

त्यांनी गाल हातानं धरला आणि सावकाश उच्चार केला. "उपाशी आहेत ते. उपाशी मरतायत. मी सागरी जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर."

डॉक्टरचा हातमोजा अर्धाच चढला.

"कोरलच्या अंगात बारीक शेवाळ राहतं," त्या म्हणाल्या. शब्द तोंडातून वाकडेतिकडे येत होते, पण थांबत नव्हते. "तपकिरी, हिरवट. ते उजेडावर अन्न तयार करतं, कोरल त्यावर जगतो. उजेड सोसवेना झाला की कोरल त्या शेवाळाला हाकलून देतो. मग रंगही जातो आणि जेवणही. तुम्ही ज्याला डाग म्हणताय ना, तो त्याचा स्वयंपाकी आहे."

"आणि हे पांढरं..."

"कातडीतून दिसणारा सांगाडा."

डॉक्टरनं फोनकडे पाहिलं. मग बाजूला ठेवलेल्या अंकाकडे. "पण हा दिवा व्यावसायिक आहे," तो म्हणाला.

"सूर्यही काही हौशी नाही," प्राध्यापिका म्हणाल्या. "पण समुद्रात त्याच्या आणि कोरलच्या मध्ये पाणी असतं. घरी जा. दिवा एकदम मंद करा. जे जिवंत असतील ते कदाचित शेवाळ परत घेतील. मग वाढवायचा तो अगदी बेतानं, त्यांच्याकडे बघून. तुमच्याकडे बघून नव्हे."

पुढच्या पेशंटला उद्या यायला सांगून डॉक्टर भर दुपारी घरी गेला. दार उघडलं आणि तो जागच्या जागी थांबला. बैठकीच्या खोलीत सासरे आपल्या खुर्चीत बसले होते. डोळ्यांवर गॉगल, आणि डोक्यावर उघडलेली मोठी काळी छत्री. छत्रीची मूठ त्यांनी खुर्चीच्या पाठीला दोरीनं बांधली होती, आणि छत्रीचं अर्धं कापड टाकीच्या उजव्या कोपऱ्यावर गेलं होतं. खाली, जिथून तो खडक उचलला होता तिथे, वाळूवर गडद, थंड सावली पडली होती.

सासरे दचकले आणि छत्री मिटायला लागले.

"राहू द्या, बाबा. ही रोज असते इथे?"

"तुम्ही गेलात की उघडतो, जावईबापू. तुमची गाडी वाजली की मिटतो. उगाच तुमचं मन कशाला दुखवा? पण ऊन फार लागतं हो इथे."

डॉक्टर टाकीसमोर बसला. ते दोन चपटे कोरल आता चुन्याच्या फकीसारखे दिसत होते. इतके दिवस एका म्हाताऱ्याच्या छत्रीनं त्यांना जगवलं होतं, आणि त्यानं स्वतः, बाही वर करून, त्यांना तिथून काढलं होतं. पेशंटची चुकीची दाढ उपटली तर कसं वाटेल याची कल्पना त्यानं कधी केली नव्हती; ती त्याला आता आली. त्यानं हात वर केला आणि बटण मागे फिरवलं, पार मागे. खोली निळसर, मवाळ झाली. सासऱ्यांनी गॉगल काढला आणि डोळे चोळत इकडेतिकडे पाहिलं.

पण संध्याकाळी बायको घरी आली तोवर त्याची तब्येत पूर्ववत झाली होती.

"उजेड कमी केला मी," तो म्हणाला. "बाबांच्या डोळ्यांना त्रास होतो. म्हटलं, कोरल काय, दुसरे आणता येतील. सासरे कुठून आणायचे?"

सासऱ्यांना भरून आलं. त्यांनी रात्रीपर्यंत सगळ्या नातेवाइकांना फोन करून थोरल्या जावयाचा त्याग सांगितला. बायको टाकीकडे बघत होती.

"बरं झालं," ती म्हणाली. एवढंच.

फांद्यावाला मोठा कोरल वाचला नाही. त्याच्यावर हिरवा चिकट थर चढला, मग डॉक्टरनं तो बाहेर काढून, धुऊन, पुस्तकांच्या फळीवर ठेवला. बाकीचे मात्र चिवट निघाले. आधी कडेला पुसट तपकिरी छटा आली, मग एखादं बोट ताठ झालं, मग एका सकाळी मधल्या खडकावरच्या त्या दोघांपैकी एकानं आपली छत्री जराशी पसरली. डॉक्टर दवाखान्यात जायच्या आधी आणि आल्यावर टाकीसमोर बसायला लागला. पट्टी त्यानं परत नेऊन ठेवली होती. कुणी पाहत नाही असं समजून तो त्या तपकिरी डागाकडे बघून हसायचा. बायको दारातून पाहत असे.

अशात अध्यक्षांचा फोन आला. सचिवपदाचं बोलायचं होतं, आणि त्यांच्या पत्नीला ती हिमशिखरं पुन्हा बघायची होती. नाही म्हणायची सोय नव्हती.

संध्याकाळी दोघं आले. अध्यक्ष टाकीसमोर गेले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अरेच्चा! हे तर चहाबाजाचे दात झाले की!"

"बाबांच्या डोळ्यांसाठी उजेड कमी..." डॉक्टर म्हणाला.

"माझी काळजी करू नका," सासरे उत्साहानं म्हणाले. जावयाच्या त्यागाची परतफेड करायची ही संधी त्यांना सोडायची नव्हती. "मी गॉगल लावतो ना! करा, करा मोठा."

"बघा, आजोबासुद्धा तयार आहेत," अध्यक्ष म्हणाले. "अहो, व्याख्यानाचं जाहीर झालंय. लोक बघायला येतील. भावी सचिवाच्या घरी पिवळे दात? दोन मिनिटं तरी दाखवा हिला."

डॉक्टरनं बायकोकडे पाहिलं. मग टाकीकडे. मग अध्यक्षांकडे. शेवटी अध्यक्षांकडे पाहिलं तेच नडलं. त्याचा हात बटणाकडे गेला. तीस. पन्नास. सत्तर. खोली पुन्हा उघडी पडायला लागली. पाण्यात नुकतीच ताठ झालेली बोटं एकेक करून आखडली. ती पसरलेली छत्री कडेनं मुरडली.

"वाढवा अजून," अध्यक्ष म्हणाले.

आणि सगळं काळं झालं. बायकोनं भिंतीतून प्लग ओढून काढला होता. खोलीत दुसरा दिवा लागलेला नव्हताच. काळोखात तिचा आवाज आला, बातम्यांचा, एका पातळीतला.

"त्या उजेडात कोरल मरतात. ह्यांना हे माहीत आहे. म्हणून ह्यांनी तो कमी केला होता. बाबांच्या डोळ्यांचा याच्याशी काही संबंध नाही."

पंपही त्याच प्लगवर होता, तोही बंद पडला होता. कुठल्यातरी खुर्चीचा कुरकुर आवाज झाला.

"खरं आहे," डॉक्टरचा आवाज म्हणाला. तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, पण तो नेहमीसारखा घसा खाकरून बोलला नाही. "पांढरे होते तेव्हा ते उपाशी मरत होते. मला कळलं नाही. सांगितलं होतं मला, तरी कळलं नाही. अंकात छापलंय ते सगळं चूक आहे. पुढच्या अंकात दुरुस्ती छापा."

"छे छे!" अध्यक्ष काळोखातून कळवळून म्हणाले. "दुरुस्ती छापली की लोक मूळ लेख वाचतात."

बायकोनं प्लग लावला, दिवा मंद केला, आणि कित्येक महिन्यांनी छतावरचा साधा दिवाही लावला. अध्यक्षांना फळीवरचा धुतलेला सांगाडा दिसला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हा तरी पांढरा आहे! तुम्हाला नको असेल तर मी नेतो."

तो त्यांनी नेला. आता तो त्यांच्या दवाखान्यात, पैसे घेतात त्या टेबलावर असतो. पेशंट त्याच्याकडे बघतात आणि आपलेही दात असे व्हावेत म्हणतात. अध्यक्ष सांगतात, होतील. सचिवपद एका तरुण डॉक्टरला मिळालं. तो काहीच पाळत नाही.

पाहुणे गेल्यावर डॉक्टरनं साडूला फोन लावला. "तुम्हाला त्या दिवशी दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं," मऊ आवाज म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"डॉक्टरसाहेब, माझ्या मुलीच्या लग्नात, तिच्या सासरच्या सगळ्या माणसांसमोर, तुम्ही माझ्या हिरड्यांवर बोलला होतात. सविस्तर. हातातल्या चमच्यानं दाखवत."

डॉक्टरला ते मुळीच आठवत नव्हतं. पण आपण असं केलं असेल, याबद्दल त्याला शंका वाटली नाही. दुसऱ्या कुणी त्याच्याबाबतीत असं केलं असतं तर तो ते कधीच विसरला नसता.

"उजेड मोजायचं यंत्र आहे तुमच्याकडे?" त्यानं विचारलं.

"आहे. रविवारी घेऊन येतो."

रविवारी साडू आला. दोघं टाकीसमोर गुडघ्यांवर बसले. यंत्राची लांब दांडी पाण्यात बुडवून साडू एकेका खडकाजवळ न्यायचा आणि आकडा वाचायचा. वरच्या खडकावर खालच्यापेक्षा कितीतरी जास्त यायचा, मधोमध सगळ्यात जास्त, कोपऱ्यात जेमतेम. डॉक्टरच्या डोळ्यांना मात्र सगळीकडे उजेड सारखाच दिसत होता.

"हे चपटे पुन्हा खाली कोपऱ्यात," साडू म्हणाला. "बोटंवाले मध्ये. दिवा जरा वर टांगा. आणि महिनाभर बटणाला हात लावायचा नाही."

"महिनाभर?"

"हात खिशात ठेवा."

सासरे खुर्चीतून म्हणाले, "धाकट्या जावयाला सगळं कसं कळतं!" डॉक्टरनं मूग गिळले.

खडक नीट बसवायला साडू टाकीवर वाकला, दम लागून त्याचं तोंड उघडं राहिलं. दिव्याच्या निळ्या उजेडात, अगदी समोर, डॉक्टरला त्याच्या हिरड्या दिसल्या. सुजलेल्या होत्या, खालच्या दातांपाशी तर फारच. डॉक्टरनं तोंड उघडलं. बायको दाराशी उभी राहून बघत होती.

"खडक थोडा डावीकडे घेऊ का?" त्यानं विचारलं.

"घ्या," साडू म्हणाला.